स्टील तुझ्याकडे, गिटार माझ्याकडे

छत्रीबाग, इंदूर
९ जून २०२५

इंदे,

हे माफीचं पत्र नाही, आधीच सांगून ठेवते. उगाच चष्मा शोधून डोळ्यांत पाणी आणू नकोस. फोन मी करणार नाही आणि तुझा उचलणारही नाही. दोन वर्षांपूर्वी तू मानपुरहून फोन केलास, "ताई, आम्ही निघालो गं, आता यशवर्धनकडेच राहणार पुण्याला," तेव्हाच माझं तुझ्याशी फोनवरचं बोलणं संपलं. अख्खा जन्म आपण दोन गल्ल्यांच्या अंतरावर काढला. तुझ्याकडची कढी माझ्याकडे, माझ्याकडची आमटी तुझ्याकडे. आणि गाव सोडल्याचं मला कळतं हायवेवरून, ट्रकच्या हॉर्नमध्ये! पोराला नोकरी लागली, त्यानं आईला बोलावलं, यात चुकीचं काही नव्हतं. मग तोंडावर सांगायला काय झालं होतं? नंबर ब्लॉक केलाय तो ब्लॉकच राहील. पण एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी, म्हणून लिहिते.

मी गिटार शिकून राहिले आहे. तुझीच. जी तू मी बाजारात गेलेली पाहून तुझ्या जिजाजींच्या हातात देऊन गेलीस, भंगार ठेवायला दिल्यासारखी.

झालं असं की मंडळाचे शंकरराव आले होते गणपतीच्या कार्यक्रमाचं ठरवायला. म्हणाले, "सुनीताताई, यंदा पण तुमचा आयटम नाहीच ना? इंदिराताई गेल्यापासून दोन गणपती तसेच गेले. एकट्या तबल्याचं लोक काय करणार?" काय करणार म्हणे! इतकी वर्षं यांच्याच स्टेजवर ऐकत आले, "इंदिराताईंची हवाईयन गिटार आणि साथीला त्यांच्या भगिनी." भगिनीला नाव नव्हतं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, लिहा, सुनीता, एकटीचं गिटारवादन. तुझे जिजाजी पोहे खात होते, त्यांना ठसकाच लागला.

हे मी हवेत बोलले नाही. आमच्या वरच्या खोलीत रुची म्हणून भाडेकरू आहे, सांगलीची, इथे कंप्युटरच्या कंपनीत आहे. एका रविवारी सकाळी वरून गिटार ऐकू आली. दोघं वाजवत होते, एक जाड तारांवर ठेका धरून आणि दुसरा वर गाणं घेऊन. म्हटलं, बाईनं न सांगता पाहुणा ठेवलाय. तणतणत जिना चढले तर ही एकटीच बसलेली! अंगठा ठेका देतो आणि बाकीची तीन बोटं गाणं वाजवतात. फिंगरस्टाइल म्हणतात त्याला. मी पायरीवर उभीच राहिले. एक माणूस दोघांचं काम करतं, इंदे. म्हणजे गिटारवालीला साथीची भगिनी नको, आणि भगिनीला गिटारवाली नको. झालं, माझा प्रश्न मिटला.

रुचीला शिकव म्हटलं नाही. भाडेकरूसमोर कोण हात पसरणार? यूट्यूबवर सगळं आहे. तू गिटार आडवी मांडीवर घेऊन तारांवर स्टीलचा तुकडा फिरवायचीस, हे लोक उभी धरून बोटांनी तारा दाबतात. गिटार ती गिटार. खोक्यात तुझं सगळं सामान आहे, फक्त ते स्टील नाही. मला ते नकोच आहे. गणपतीत मी बाबांची धून वाजवणार, दाढी करताना गुणगुणायचे ती. दोन्ही ओळी, ठेक्यासकट, एकटी. कळावं म्हणून कळवलं.

ताई

२६ जून

इंदे,

पोस्टकार्ड मिळालं. "गिटार उन्हात ठेवू नकोस. इं." बस? मी एवढं रामायण लिहिलं आणि तू अख्खं कार्ड कोरं ठेवून एक ओळ पाठवतेस? पैसे वाया घालवायची तुझी सवय गेली नाही. गिटार उन्हात नाही. कपाटाच्या बाजूला आहे, वर चादर घालून. चादरही तुझीच आहे, तू कधी परत मागितली नाहीस.

आता ऐक कसं चाललंय. उजवा हात गजब आहे. व्हिडिओतली बाई सांगते, पहिले काही दिवस फक्त अंगठा चालवा, जाड तार, मग तिच्या खालची, परत जाड, परत खालची, आणि काहीही झालं तरी अंगठा थांबता कामा नये. मला काय सांगते ती! ठेका माझ्या हाडात आहे. पहिली, मधली, अनामिका एकेका बारीक तारेवर ठेवायची, करंगळीला सुट्टी. तेही जमतंय.

डावा हात मात्र माझा जीव घेणार. तारा इतक्या उंच, इतक्या कडक की दाबून दाबून बोटांना चिरा पडल्या. भेंडी चिरताना मीठ लागलं तर ब्रह्मांड आठवतं. आणि एवढं करून आवाज येतो तो मोरीत डबा पडल्यासारखा. बाई जिथं बोट ठेवते तिथंच मी ठेवते गं! मग खोक्यात तुझी ती पत्र्याची टोपणं सापडली, बोटात घालायची. म्हटलं, वा, इंदीनं सोय करून ठेवलीय. डाव्या हाताच्या बोटांत चढवली आणि दाबलं. रक्त थांबलं. आवाज काही सुधारला नाही, पण रक्त थांबलं.

नखांचं तर विचारूच नकोस. डाव्या हाताची मुळापासून कापायची आणि उजव्या हाताची वाढवायची. कणीक मळली की अर्धी कणीक नखात. भिशीत सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघून राहिल्या होत्या. एक म्हणाली, "काय ताई, एकाच हाताचे पैसे दिले का पार्लरला?"

आणि मला बसवत नाही, इंदे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. गिटार घेते, ठेवते, उठून पाणी पिते, परत घेते. गिटार नसेल तेव्हा बोटं चालूच. बँकेत काउंटरवर ठेका धरला तर मॅडम म्हणाल्या, "माताजी, नंबर आएगा, आराम से." देवापुढे हात जोडले तरी अंगठा हलतो. तुझे जिजाजी म्हणतात, "सुनीता, डॉक्टरला दाखवू या का?" मी म्हटलं, गणपती होऊन जाऊ द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं. आता मागे हटले तर शंकरराव जन्मभर ऐकवतील, आणि तू मनातल्या मनात हसशील. हसशीलच.

ताई

११ जुलै

इंदे,

हसली असशील. पोटभर हस, तुझा हक्कच आहे.

तुझं दुसरं कार्ड आलं, "इतकं दाबतेस कशाला? ती दाबायची नसतेच." मी ते तीनदा वाचलं आणि तीनदा तुला शिव्या दिल्या. म्हटलं, कोड्यात बोलतेय, आपली विद्या देववत नाही हिला. मग त्याच संध्याकाळी रुची भाडं द्यायला खाली आली आणि मी पलंगावर बसलेली, टोपणं डाव्या बोटांत, दात ओठ खाऊन तारा दाबतेय. ती दारातच थांबली. म्हणाली, "काकू, हे काय करताय?" मी म्हटलं, फिंगरस्टाइल. ती चपला काढता काढता उंबऱ्यावर बसली आणि हसून हसून तिला उचक्या लागल्या.

ही हवाईयन गिटार आहे म्हणे, काकू, ही बोटांनी दाबायची नसतेच. गिटारच्या मानेच्या टोकाला एक लोखंडी पट्टी बसवलेली असते, तिनं तारा मुद्दाम उंच उचललेल्या असतात, म्हणजे स्टील वरून घसरतं आणि लाकडाला लागत नाही. तारा लावायची पद्धतसुद्धा वेगळी, म्हणून बाईसारखं बोट ठेवून बाईसारखा आवाज निघत नव्हता. आणि ती टोपणं तार छेडायच्या हातात घालतात, दाबायच्या नाही. इतके दिवस मी भिंतीला दार समजून धक्के देत होते.

रुचीनं माझ्यासमोर तारा ढिल्या केल्या. पट्टीला ना खिळा ना स्क्रू, नुसत्या तारांच्या ताणावर बसलेली. अलगद उचलून तिनं माझ्या तळहातावर ठेवली. मग नव्या तारा चढवल्या, फोनमध्ये बघून सुरात लावल्या, आणि म्हणाली, "आता दाबा." दाबलं. इंदे, आवाज निघाला. स्वच्छ, गोल आवाज. माझ्या हातून! मला रडूच आलं, मग मी तिला चहा करायच्या निमित्तानं आत गेले.

पण नंतर डोक्यात जे सुरू झालं ते थांबेना. शाळेत होतो तेव्हापासून तू माझ्या शेजारी बसून ही गिटार वाजवलीस. मिलमध्ये दिवसभर आकडे लिहून बाबा घरी आले की आपल्याला समोर बसवायचे. इतक्या वर्षांत ती पट्टी मला एकदाही दिसली नाही? टोपणं कोणत्या हातात असतात तेही ठाऊक नाही? तुझे जिजाजी म्हणाले, तू बघत कुठं होतीस मग. आणि मला एकदम समजलं. मी तुझा चेहरा बघायची. सम यायच्या आधी तुझी डावी भुवई वर जायची, मी तीच धरून तबल्यावर यायची. हात बघायची मला गरजच पडली नाही.

हे सगळं मी चिडूनच लिहिते आहे, नीट ध्यानात घे. पट्टी काढलीय तुझी. जपून ठेवलीय, पण काढलीय. आता ती माझी गिटार आहे.

ताई

३ ऑगस्ट

इंदे,

तुझं कार्ड आलं नाही. पट्टीचा राग आला का? येऊ दे. मलाही मानपुरच्या फोनचा आला होता.

रुची आता रोज ऑफिसातून आली की खाली येते. पैसे घेत नाही, जेवून जाते. मला म्हणते, "काकू, तुम्ही 'शिकून राहिले' म्हणता ते ऐकलं की आमच्या सांगलीत लोक वळून बघतील." मी म्हटलं, बघू दे, आम्ही इंदूरवाले आहोत, आम्हाला सगळे वळूनच बघतात. छान पोरगी आहे. पण शिकवताना राक्षसीण. अंगठा एक क्षण थांबला की परत पहिल्यापासून. कधी अंगठा आणि बोट एकाच वेळी चिमटा घेतल्यासारखं वाजवायचं, कधी अंगठ्यानंतर बोट. चिमटा जमला. मागून येणारं बोट जमेना. बोट निघालं की अंगठा त्याच्यासाठी थांबतो. रुची ओरडते, "अंगठ्याला बोटाकडे बघू देऊ नका!" मी तिला कसं सांगू की माझ्या अंगठ्याला आयुष्यभर तेवढंच शिकवलंय, दुसरा कधी येतो ते बघत थांबायचं.

तरी पहिली ओळ बसली. खरंच बसली. तुझे जिजाजी पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, हे तर बाबांचं." दोन दिवस मी जमिनीवर नव्हते.

दुसरी ओळ बसत नाही. बाबा जिथं सूर खेचत वर न्यायचे, दाढीचा फेस सांभाळत, तिथं तू स्टील सरकवायचीस आणि तो सूर मधात बुडवल्यासारखा वर जायचा. बोटानं ते होत नाही. मी गिटारच्या मानेवरच्या एकेका घरावर बोट ठेवते आणि पायऱ्या चढल्यासारखे सुटे सुटे सूर निघतात. रुची म्हणते, छान आहे, असंच असतं. असंच नसतं! तिनं ती धून ऐकलीच नाही कधी. जगात ती बाबांच्या तोंडून ऐकलेल्या दोघीच उरलो, तू आणि मी. तुझे जिजाजी मोजणीत नाहीत, त्यांना आरती आणि अंगाई यातला फरक कळत नाही.

चार आठवडे राहिलेत. मी स्वयंपाक करता करता उठते, एकदा वाजवते, परत पोळी लाटते. परवा दोन पोळ्या जळाल्या. झोप लागते पण पाठ अवघडते. घर लहान वाटतं, गच्चीवर जाते, गच्ची लहान वाटते. हे काय आहे मला कळत नाही. स्टेजची भीती म्हणावी तर जन्म स्टेजवर गेला. पण तेव्हा डावीकडे तू असायचीस.

एक विचारते, खरं उत्तर दे. गिटार माझ्या घरात टाकून गेलीस आणि स्टील घेऊन गेलीस. का? गिटार नको होती तर स्टील कशाला नेलंस? आणि स्टील हवं होतं तर गिटार कशाला ठेवलीस? या एका गोष्टीनं माझा दिमाग खराब करून ठेवलाय. कार्डावर मावेल इतकं लिही, पण लिही.

ताई

२ सप्टेंबर

इंदे,

तुझं कार्ड कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आलं. पोस्टमनला मी जिन्यातच गाठलं. या खेपेला तू कार्ड दोन्ही बाजूंनी भरलंस, पत्त्याला जागा उरली नव्हती, आलं हेच नशीब.

"ताई, तोंडावर सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस आणि आत जाऊन रडली असतीस, मग माझा पाय निघाला नसता. म्हणून घाटाच्या आधी फोन केला, गाडी वळवता येणार नाही अशा जागेवरून. गिटार नेली असती तर इंदूरला परत यायला मला काय कारण राहिलं असतं? आणि स्टील ठेवलं असतं तर तू रागानं गिटार दुसऱ्या कुणाला देऊन टाकली असतीस. अर्धी वस्तू कोण घेतं? दोन वर्षं रोज वाटतं तू ते मागशील. तू मागितलंच नाहीस. पट्टीबद्दल राग नाही. वाजव. इंदी."

मी ते कार्ड ब्लाउजमध्ये ठेवलं आणि साडी नेसायला घेतली. निऱ्या जमेनात. तीन वेळा सोडल्या. तुझे जिजाजी बाहेरून हाका मारून राहिले होते.

स्टेजवर शंकररावांनी नाव घेतलं. पूर्ण नाव, मागे पुढे कुणी नाही. समोर सगळी छत्रीबाग, रुची पहिल्या ओळीत, जिजाजी तिच्या शेजारी, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेले. मी अंगठा सुरू केला. चालला. पहिली ओळ आली, चिमटा, मागचं बोट, सगळं जसं हवं तसं. लोक शांत झाले. मला वाटलं, बघ इंदे, होतंय, एकटीनं होतंय.

मग दुसरी ओळ आली, आणि मी डावीकडे बघितलं.

सवयीनं गं. सम येणार होती, मी भुवई बघायला मान वळवली. तिथं मंडळाचा पंखा होता. माझी बोटं तारांवर ठेवलेलीच राहिली, उचललीच गेली नाहीत. अंगठा मात्र थांबला नाही. जाड तार, खालची, जाड तार, खालची. अख्खी दुसरी ओळ मी नुसता ठेका देत बसले, तू वाजवत असल्यासारखी, आणि शपथेवर सांगते, मला ती ऐकू येत होती, तो वर खेचलेला सूरसुद्धा. ओळ संपली तशी मी बरोबर समेवर आले आणि पहिली ओळ परत वाजवून संपवलं.

टाळ्या पडल्या. शंकरराव म्हणाले, "वाह भिया, मध्ये काय पॉज घेतला ताईंनी!" लोकांना वाटलं असंच असतं. रुचीला माहीत होतं, ती घरापर्यंत माझी पिशवी घेऊन चालली. जिजाजी म्हणाले, "मधलं राहिलं का गं?" बघ, त्यांनासुद्धा कळलं.

आज सकाळी मी तारा ढिल्या केल्या. चुकत चुकत केल्या, रुचीला बोलावलं नाही. कपाटातून तुझी पट्टी काढली, पुसली, मानेच्या टोकाला होती तशी बसवली आणि तारा परत ताणल्या. उंच झाल्या पहिल्यासारख्या. बोट ठेवून पाहिलं, दबत नाहीत. म्हणजे आता ती माझ्या कामाची राहिली नाही, आणि स्टील आल्याशिवाय कुणाच्याच कामाची नाही. तबला खाली काढलाय, वरची काळी शाई जरा फुटलीय, दुरुस्तीला टाकते. ठेका माझ्याकडे तयार आहे. एकटीनं वाजवायला शिकले, ते वाया गेलं असं समजू नकोस; रुचीची जुनी गिटार आहे, तिच्यावर चालू ठेवीन. पण बाबांची धून मी एकटी वाजवणार नाही. मला एकटीला ती वाजवायचीच नाही, इंदे, मला तू हवी आहेस.

दसऱ्याला ये. यशवर्धनला म्हणावं सुट्टी काढ, नाही तर बसनं ये, पण ये. स्टील पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत टाकू नकोस. तुझा नंबर ब्लॉकमधून काढलाय, जिजाजींनी काढून दिला.

घाट चढून मानपुरला पोचलीस की फोन कर. मी उचलीन.

ताई